हवापाण्याच्या चार ओळी

कोमिनातो, तोयामा उपसागर
११ नोव्हेंबर १९६२

कोगुरे विहीणबाई,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते, म्हणून करते. सकाळी ऊन पडलं म्हणून मी कपडे वाळत घातले. पेल्यात चहा ओतते तोवर सर आली. कपडे आत घेतले. ऊन पडलं. पुन्हा घातले. मग गारा पडल्या. दुपारी ऊन आणि पाऊस दोघे बरोबरच आले आणि समुद्रावर इंद्रधनुष्य पडलं. शेजारीण म्हणाली, "बघ तरी, किती सुंदर!" मी म्हटलं, "तुझ्या दोरीवर वाळत घाल ते."

आता मुद्द्याचं. सावाएला दिवस गेलेत, फेब्रुवारीच्या मध्यावर बाळंत होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, यात तुमचं-आमचं दुमत नसावं. आमच्याकडे एकदा बर्फ सुरू झालं की रेल्वेचा भरवसा नसतो. तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीलाच तिला पाठवून द्या.

आणखी एक. तिचं पत्र आलं. त्यात एवढंच आहे, "इथलं आकाश रोज निळं असतं." ज्या पोरीने जन्मात कधी मान वर करून आकाश बघितलं नाही, ती आईला आकाशाबद्दल लिहिते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. तुमच्याकडे तिला कुणी टाकून बोललं असेल असं मी म्हणत नाही. पण बोललंय का कुणी?

त्सुया हामादे

•

शिमोहारा, ताकासाकीजवळ
२० नोव्हेंबर

हामादे विहीणबाई,

सरत्या शरदातल्या थंडगार सरींच्या या दिवसांत आपणां सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते.

सावाएला इथे कुणी टाकून बोलत नाही. बोलायला सवड कुणाला आहे? अख्खा दिवस धूळ पुसण्यात जातो. अकागीच्या डोंगरावरून वारा सुटतो तो थांबायचं नाव घेत नाही. सकाळी पुसलेल्या चटईवर दुपारी बोटाने नाव लिहावं. हाताला भेगा, ओठांना भेगा, दाराच्या चौकटीलासुद्धा भेगा. चूल पेटवली की बादली भरून शेजारी ठेवावी लागते. निळं आकाश ही तक्रार असू शकते, हे मला या वयात कळलं.

माहेरी बाळंतपणाला माझी हरकत नाही. पण नव्या सुनेचं पहिलं नववर्ष सासरीच व्हायला हवं, नाहीतर नातेवाईक मला विचारतील. शिवाय दुपट्यांचं काय? मी जुन्या किमोनोंची फाडून शिवून ठेवली आहेत. आमच्याकडे दोरीवर टाकली की बघता बघता खडखडीत वाळतात. तुमचं पत्र वाचल्यावर मला वाटलं, तुमच्याकडे माझं नातवंड ओल्या दुपट्यातच वाढणार. यावर आपण विचार करावा.

तोकु कोगुरे

•

कोमिनातो
५ डिसेंबर

विहीणबाई,

काल पहाटे ढग गडगडले! एकदाचे! घर हादरलं, फडताळातल्या ताटल्या वाजल्या, सावाएचे बाबा अंथरुणात पडल्या पडल्याच हसायला लागले. सगळं गाव जागं झालं. यंदा इतका उशीर झाला होता की आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

सोबत रेल्वेने एक टोपली पाठवली आहे. नव्या सुनेच्या माहेरून पहिल्या वर्षअखेरीला जायची ती वस्तू आहे, गोड मानून घ्या. रीत तुम्हाला ठाऊक असेलच.

तुमच्याकडे थंड सरी चालू आहेत असं लिहिलंत, म्हणून सावाएचे रबरी बूट आणि तिची तेलकागदाची छत्रीही टोपलीला बांधली आहे. पोरीला चिखलात घसरू देऊ नका. दुपट्यांची चिंता करू नका. आमच्या चार पिढ्या कोतात्सूच्या पांघरुणाखाली, शेगडीच्या उबेवर वाळवलेल्या दुपट्यांत वाढल्या आणि त्यातल्या एकालाही शेवाळ धरलं नाही.

नववर्षाचं तुमचं म्हणणं मी मान्य करते. पण ते झालं की लगेच.

त्सुया

•

शिमोहारा
१३ डिसेंबर

विहीणबाई,

वर्षअखेरच्या धांदलीत गारठा दिवसेंदिवस वाढत असताना आपण सर्व सुखरूप असाल अशी प्रार्थना करते.

या खेपेला हे वाक्य मी मनापासून लिहिते आहे. तुमचं पत्र वाचून छातीत धस्स झालं. भर हिवाळ्यात विजा, घर हादरलं, ताटल्या पडल्या! मी लगेच देवघरात उदबत्ती लावली. हेइजी-सान हसायला लागले हे वाचून तर जास्तच काळजी वाटली. मोठ्या धक्क्याने माणसाचं असं होतं म्हणतात. त्यांना आता बरं आहे ना?

टोपली पोहोचली. एवढा मोठा मासा आमच्या घरात कधी आला नव्हता. डोकं टोपलीच्या बाहेर, आणि तो माझ्याकडेच बघत होता. माझ्याकडे तेवढी सुरी नाही. शेवटी तुमच्या जावयाने, शिगेओने, सुताराची करवत आणली. आळीत घरोघरी वाटला, सगळ्यांनी नावाजला. काटासुद्धा उरला नाही.

बूट आणि छत्री का पाठवलीत ते मात्र कळलं नाही. इथे महिनाभरात थेंब पडलेला नाही. सावाए छत्री उघडून घरातच तिच्याखाली बसली, आणि मग रडली. पोटुशी बाईचं असं होतं, मी मनावर घेतलं नाही.

पण तुम्हीच सांगा, अशा गडगडाटी प्रदेशात मी माझी सून कशी पाठवू?

तोकु

•

कोमिनातो
२० डिसेंबर

विहीणबाई,

सावाएच्या बाबांना काही झालेलं नाही. ते आनंदाने हसले. आनंदाने! हिवाळ्यात ढग गडगडले की बुरी मासा खाडीत येतो. त्या गडगडाटाला आम्ही 'बुरी उठवणारा' म्हणतो. तो झाला नाही तर जाळी रिकामी, आणि जाळी रिकामी तर गावाचं नववर्ष कोरडं. मी तुम्हाला आनंदाची बातमी कळवली आणि तुम्ही उदबत्ती लावलीत! तुमचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा आमचे हे महिन्यात दुसऱ्यांदा हसले. एरवी ते वर्षातून एकदा हसतात.

आणि तो मासा! करवत! अहो, तो उभा चिरायचा असतो आणि अर्धा परत माहेरी पाठवायचा असतो. मुलीच्या माहेरचा मान असतो तो. गावातल्या बायका रोज विचारतात, "आला का गं अर्धा?" मी सांगते, वाटेत असेल. आता किती दिवस वाटेत ठेवू?

सरींचं तुम्हीच लिहिलं होतंत. "थंडगार सरींच्या या दिवसांत." मी ते वाचून तुमच्या अंगणातल्या चिखलाची काळजी करत बसले. सरी नव्हत्या तर लिहिल्यात कशाला?

छत्रीखाली बसून रडली, आणि तुम्ही मनावर घेतलं नाहीत. बरं.

नववर्ष झालं की पाठवा. गडगडाट, मासा, दुपटी, काही कारण मला सांगू नका.

त्सुया

•

शिमोहारा
८ जानेवारी १९६३

विहीणबाई,

नववर्षाच्या मंगलप्रसंगी शुभ्र हिमाने नटलेल्या सृष्टीकडे पाहून मन प्रसन्न होते.

असं काहीही नाही. हिम नाही, सृष्टी धुळीने माखली आहे आणि मन तर मुळीच प्रसन्न नाही. ही वाक्यं पत्रलेखनाच्या पुस्तकातली आहेत. माझ्या सासूबाईंनी ते मला लग्नात दिलं. महिना बघायचा, ओळ उतरवायची. शिष्टाचार असतो तो. त्यावरून कुणी बूट पाठवील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुमच्याही हवापाण्याच्या ओळी मी तशाच समजत आले. तुम्ही छान लिहिता, थोडं वाढवून लिहिता एवढंच.

माशाच्या बाबतीत चूक झाली. मला रीत माहीत नव्हती. आम्ही समुद्रापासून लांब राहणारी माणसं. अर्धा परत करायचा असतो हे टोपलीवर लिहून ठेवायला काय झालं होतं?

शिगेओ म्हणतो, तुमचे-आमचे ढग एकच आहेत. समुद्रावरून येतात, सगळं पाणी डोंगराच्या तुमच्या बाजूला सांडतात, आणि रिकामा कोरडा वारा तेवढा इकडे उतरतो. मी म्हटलं, "म्हणजे आम्हाला त्यांचं उष्टंच मिळतं म्हणायचं." तो म्हणाला, "आई, आता हे पत्रात लिहू नकोस." लिहिलं.

तेवीस तारखेच्या सकाळच्या गाडीने सावाए निघेल. ती आता पुन्हा पुन्हा आकाशाबद्दल बोलत नाही. मुळी बोलतच नाही. म्हणून पाठवते आहे.

तोकु

•

कोमिनातो
१६ जानेवारी

विहीणबाई,

समुद्रावर ढगांच्या रांगा लागल्या आहेत, एकीमागे एक. दरवर्षी ते डोंगरावर जाऊन रिकामे होतात. यंदा किनाऱ्यावरच, आमच्या डोक्यावरच रिते होत आहेत. छपरावरून ओढून टाकलेलं बर्फ खालून वळचणीला टेकलं आहे. सावाएचे बाबा ओढून खाली उतरतात, तोवर वर पुन्हा तेवढंच. परवाची गाडी अर्धा दिवस उशिरा आली. म्हातारी माणसं म्हणतात, असले ढग कधी पाहिले नाहीत. अशा दिवसांत घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला कुणी शहाणं म्हणणार नाही.

असो. आमची सगळी तयारी झाली आहे. मागच्या खोलीत सावाएची गादी शेकून ठेवली. सुईणबाईला सांगून ठेवलं. तिच्या आवडीचा मुळा आणि बुरीचं डोकं शिजवायचं आहे. तुम्ही इतक्या महिन्यांनी एकदाची तारीख दिलीत, ती आम्ही मानतो. तेवीसला मी स्टेशनवर उभी राहीन.

त्सुया

•

कोमिनातो
२७ जानेवारी

विहीणबाई,

तेवीस तारखेला शिगेओ-सानची तार आली, "सावाए आज सकाळी निघाली." आज सत्तावीस. गाडी आलेली नाही. गाडी कुठे आहे हे स्टेशनमास्तरालाही माहीत नाही. तारा तुटल्यात. रूळ कुठे आहेत तेसुद्धा दिसत नाही. मी रोज जाते, बर्फातून चर खणत जावं लागतं, आणि तो मास्तर मला लांबून बघितलं की आत जाऊन बसतो.

तुम्ही तिला पाठवलीत कशी? मी लिहिलं नव्हतं का? पहिल्या ओळी वाचल्याच नाहीत का? वळचणीपर्यंत बर्फ, न पाहिलेले ढग, बाहेर पडणारा शहाणा नाही, आणखी काय लिहायला हवं होतं? भरल्या दिवसांची पोर एकटीच गाडीत बसवून दिलीत, आणि तुम्ही तिथे निळ्या आकाशाखाली कोतात्सूत पाय घालून आरामात बसला असाल. तुमचं काय जातं? तुमचा शिष्टाचार पुरा झाला.

हे पत्रही कधी पोहोचेल कोण जाणे. पोहोचलं तर एवढं कळवा, माझी मुलगी कुठे आहे?

त्सुया

•

शिमोहारा
१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं सत्तावीस तारखेचं पत्र मी घरी परतल्यावर परवा वाचलं. मी कोतात्सूत पाय घालून बसले आहे का, असं तुम्ही विचारलंत. नाही. त्या दिवशी मी तुमच्या ढगांखाली, नाओएत्सूच्या पुढे एका न्हाव्याच्या घरात, ओल्या पायमोज्यांनी उभी होते. शिगेओला रजा मिळाली नाही म्हणून सावाएला घेऊन मीच निघाले होते. तारेत दोन शब्द वाचवण्यासाठी त्याने माझं नाव घातलं नाही. मुलगे असेच असतात.

मायलेकी तुमच्याजवळ पोहोचल्या आहेत, हेइजी-सान येऊन घेऊन गेले, तेव्हा बरंचसं तुम्हाला समजलं असेल. पण तो माणूस सांगणार किती! आत आले, नातीला पाहिलं, "हं" म्हणाले आणि डोळे पुसायला बाहेर गेले. म्हणून मी लिहिते.

ताकासाकीहून निघालो तेव्हा आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. मी सावाएला म्हटलं, "बघ, तुझी आई उगाच वाढवून लिहिते." डोंगर ओलांडला आणि पांढरं झालं. समुद्राकाठी पोहोचलो तर खिडकीबाहेर ना समुद्र दिसे ना जमीन. एका लहान स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका डोक्यावर घमेली घेऊन भाताचे गोळे द्यायला आल्या. त्यातलीच एक न्हाव्याची बायको. सावाएकडे एकदा बघितलंन आणि मला म्हणाली, "ही इथे बसून राहायची नाही, आजी. उठवा हिला." कळा सुरू झाल्या होत्या. पोरीने मला सांगितलंच नव्हतं.

न्हाव्याच्या घरी पोहोचलो आणि मी दार शोधायला लागले. दार नव्हतं. माडीच्या खिडकीतून आत जायचं होतं, बर्फ तिथवर आलं होतं. वळचण माझ्या खांद्याशी. तेव्हा तुमच्या ओळी मला आठवल्या. तुम्ही विचारता, वाचल्या नाहीत का? वाचल्या होत्या. सुंदर वाटल्या. शिगेओलाही वाचून दाखवल्या, म्हटलं, बाईला लिहिण्याचं अंग आहे. पण अहो, "पाठवू नका" हे दोन शब्द लिहायला तुम्हाला काय झालं होतं? पुढे तर गादी शेकली, मुळा शिजणार, स्टेशनवर उभी राहीन! मी कुठलं खरं मानायचं? माझा राग अजून गेलेला नाही.

सुईण त्याच खिडकीतून आली, बर्फाने माखलेली. पाणी गरम होतं, टॉवेल स्वच्छ होते, न्हाव्याचं घर असल्याचा तेवढा फायदा झाला. सकाळभर चाललं. मी तिचा हात धरून बसले होते. तिने माझा हात असा काही दाबला की भेगांतून रक्त आलं.

आता एक गोष्ट, जी कुणी तुम्हाला सांगितली नसणार. लग्नापासून ती मला 'आई' म्हणते, पण पाय पुसून आत आल्यासारखं, जपून. त्या दिवशी शेवटी शेवटी ती ओरडली, "आई! आई गं!" तसं ती मला कधीच म्हणाली नव्हती. डोळे मिटलेले होते. मला कळलं, ती हाक माझी नाही, तुमची आहे. तुम्ही तिकडे स्टेशनवर उभ्या होतात आणि मधे सगळं बर्फ होतं. ती पुन्हा ओरडली. कुणीच काही बोलेना तेव्हा मी ओ दिली. "हो गं, आहे मी," म्हटलं. तुमच्या हाकेला मी ओ दिली. दोन हाकांनंतर पोरगी जन्मली.

हे लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. तुमच्या वाट्याचं होतं ते मी घेतलं. परत करता येत नाही.

तोकु

•

कोमिनातो
२७ फेब्रुवारी

विहीणबाई,

ओ दिलीत ते बरं केलंत. मी इथून कशी देणार होते?

मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलं. पत्र वाचून मी मागे लाकडं ठेवायच्या खोलीत जाऊन बसले. पण तिची हाक तशीच विरून गेली असती, तर मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. आणि मला स्वतःलाही नाही, कारण "पाठवू नका" हे माझ्या हातून उमटलं नाही ते माझ्या ताठ्यामुळे. नोव्हेंबरपासून "पाठवा, पाठवा" म्हणून मी तुमच्या मागे लागले होते. आता नको म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "बघा, मी सांगत होते." ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. म्हणून ढगांच्या आड लपवून लिहिलं. पोटच्या पोरीपेक्षा मला ते मोठं वाटलं. एवढं पुरे, पुन्हा विचारू नका.

सावाए आता भात नीट खाते. नात खणखणीत रडते, आवाज तुमच्या घराण्याचा असावा. दुपटी वाळत नाहीत. तुमचं खरं होतं, घरभर लटकताहेत आणि सावाएचे बाबा त्यांच्याखालून वाकून ये-जा करतात.

काल दुपारी मी ओट्याशी मासा साफ करत होते. आतून हाक आली, "आई!" जपून मारलेली नव्हे, खरी. मी सुरी टाकली, तशाच खवल्यांच्या हातांनी "ओ, आले!" म्हणत धावले. पोरगी अर्धवट झोपेत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू नव्हे गं. त्या."

मी इतकी चिडले की संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मग बसून हे पत्र लिहायला घेतलं. या हाकेला मला ओ देता येत नाही. तुम्ही या.

त्सुया